आतड्याचा ज्वर आणि रक्ताचा कारभार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



संमेलनातील भाषणाविषयी चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा त्यांनी विषयाची निवड आमचेवरच सोपविली होती. ‘आरोग्यासंबंधी काही सुलभ बोलावे, अर्धा तास पुरे,’ एवढीच त्यांची अट होती. सुलभ बोलणे हे आम्हांस फारसे साधत नाही. वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकविण्यात आमची एकतीस वर्षे गेली आणि समोर बसलेल्यांस परीक्षा द्यावयाची आहे असे समजूनच बोलण्याची जिभेस खोड लागली. आपणांस परीक्षा नाही, हे ध्यानात ठेवण्याचा आम्ही प्रयत्न करू.

विषय मात्र शोधीत बसावे लागले नाही. २०२२ च्या वैशाखात मंडळाने सामुदायिक मौंजीबंधन केले. त्या दिवशीच्या भोजनानंतर दोन आठवड्यांच्या आसपास आपल्यापैकी अकरा माणसे विषमज्वराने, म्हणजे ज्यास सर्वजण टायफॉइड म्हणतात त्या तापाने, अंथरुणास खिळली. येथे बसलेल्या बहुतेकांस हे ठाऊक आहे. मंडळाच्या त्या वर्षीच्या अहवालात या प्रकारास एक ओळ मिळाली: ‘हवामानातील बदलामुळे काही सभासदांची प्रकृती बिघडली.’ भोजनसमितीचे प्रमुख आम्ही होतो आणि ती ओळही आम्हीच लिहिली होती. आज जे बोलावयाचे आहे ते त्या ओळीची दुरुस्ती म्हणून बोलावयाचे आहे.

अकरांत आमच्या थोरल्या बंधूंची नात होती. वय वर्षे नऊ. पोरगी तशी धडधाकट. पहिले चार-पाच दिवस ताप पायरीपायरीने चढत गेला, मग तो एकशेचार अंशांवर ठाण मांडून बसला. तापाच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तिचे हिमोग्लोबिन साडेअकरावरून आठावर आले आणि ओठ पांढुरके दिसू लागले. तेव्हा तिच्या आईने आम्हांस विचारले, “काका, दुखणं आतड्याचं म्हणता, मग पोरीचं रक्त गेलं कुठं? कुठं सांडलेलं तर दिसत नाही.” आम्ही तिला काहीतरी सांगितले. ते उत्तर नव्हते, नुसती समजूत होती. एकतीस वर्षे ज्याने रक्ताच्या काचपट्ट्या पाहिल्या त्याने द्यावयाचे उत्तर आज देत आहोत.

आरंभ तोंडापासून करावयास हवा, कारण जंतू तेथूनच शिरतो. विषमज्वराचा जंतू १८८० मध्ये एबर्थ या जर्मन शास्त्रज्ञाने रोग्याच्या शरीरात प्रथम पाहिला व १८८४ मध्ये गाफ्की याने तो प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. हा जंतू माणसाच्या शरीराबाहेर दुसऱ्या कोणा प्राण्यात घर करीत नाही. म्हणजे एकाच्या पोटातून निघून दुसऱ्याच्या तोंडात, एवढाच त्याचा प्रवास. पाणी, दूध, बर्फ आणि माणसाचे हात ही त्याची वाहने. जठरातील आम्लातून जे वाचतात ते लहान आतड्याच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत पोहोचतात आणि खरे नाट्य तेथे घडते.

आतड्याच्या त्या भागात भिंतीतच पांढऱ्या पेशींचे पुंजके असतात. योहान पायर याने १६७७ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांस पायरचे पुंजके म्हणतात. जुन्या जकातनाक्यावर शिपाई जसा गाडीतील एखादे पोते खाली उतरवून, उसवून पाही, तद्वत् या पुंजक्यांवरील काही विशेष पेशी आतड्यातून जाणाऱ्या मालाचा नमुना आत ओढून घेतात आणि आतील पेशींना दाखवितात. यावरूनच शरीर कोणते जंतू आपले व कोणते परके हे शिकते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे घडविते. ही प्रतिपिंडे आतड्याच्या आतील बाजूस दररोज काही ग्रॅम पाझरत असतात. आपणांस पत्ताही नसतो इतक्या निमूटपणे हे चालते. विषमज्वराचा जंतू नेमका या नाक्यावरच आपला माल तपासू देतो आणि तपासणीच्या निमित्ताने आत शिरतो. आत त्यास भक्षक पेशी गिळतात. इतर जंतू तेथेच मरतात. हा मात्र गिळला जाऊन जिवंत राहतो आणि गिळणाऱ्या शिपायाच्याच पाठीवर बसून रसवाहिन्यांतून रक्तात, तेथून यकृतात, प्लीहेत व हाडांतील मज्जेत जाऊन पोहोचतो. आठपंधरा दिवस कसलीही वर्दी लागत नाही.

येथे एक फरक सांगावयास हवा, कारण पोटाचे सर्व विकार एकाच पंगतीस बसविण्याची आपली सवय आहे. पटकीचा जंतू आतड्याच्या भिंतीत शिरतच नाही. तो पृष्ठभागावर बसून विष सोडतो आणि त्या विषाने शरीरातील पाणी आतड्यात ओतले जाते. हे विष १९५९ मध्ये कलकत्त्यास शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले. रक्तआंवेचा जंतू भिंतीत शिरून ती कुरतडतो, परंतु रक्तात क्वचितच उतरतो. विषमज्वराचा जंतू आतडे केवळ दार म्हणून वापरतो. त्यामुळे त्याचे दुखणे आतड्याचे म्हटले तरी सर्व शरीराचे असते, आणि पोरीच्या आईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे.

‘ताप रक्तात गेला’ असे आपल्याकडे म्हणतात. वस्तुतः विषमज्वरात रक्तामध्ये जंतू आश्चर्य वाटावे इतके थोडे असतात. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये एखादा, कित्येकदा तोही नाही. मज्जेत ते साधारण दसपट आढळतात. म्हणूनच रक्ताची जंतुपरीक्षा पुष्कळदा निष्फळ ठरते, विशेषतः औषधे आधी सुरू झाली असतील तर. आमच्या नातीच्या बाबतीत हेच झाले. गावातील एका दवाखान्याने जंतुपरीक्षेची वाट न पाहता औषध सुरू केले, आणि मग एकट्या विडाल परीक्षेवर निदान ठेवले. विडालने ती परीक्षा १८९६ मध्ये शोधली. जेथे हा रोग सदैव वावरतो अशा आपल्या प्रदेशात निरोगी माणसाच्या रक्तातही ती प्रतिपिंडे थोडीबहुत सापडतात, तेव्हा एकदाच केलेल्या परीक्षेवर कितपत विसंबावे याचा विचार व्हावयास हवा. औषध पाचव्या-सहाव्या दिवशीही गुण देईना, तेव्हा ते बदलावे लागले. मधले दिवस गेले ते गेले.

आता तांबड्या पेशींकडे वळू. तांबडी पेशी म्हणजे प्राणवायूचा हमाल, असे शाळेत आपण शिकलो. पुरुषाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये त्या सुमारे पन्नास लाख असतात, स्त्रीच्या रक्तात काही कमी. तिला केंद्रक नाही, ती वाढत नाही, विभागत नाही. एकशेवीस दिवस शरीरभर धावून ती मरते. तिच्या जागी नवी भरती करण्यासाठी प्रौढ माणसाची मज्जा दर सेकंदास वीस लाखांहून अधिक पेशी तयार करते. आम्ही हे वाक्य विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि प्रत्येक वेळी आम्हांस स्वतःसच ते खोटे वाटे. पण गणित करून पाहावे, ते बरोबर येते.

रोगप्रतिकाराचे काम पांढऱ्या पेशींचे आणि ओझे वाहण्याचे तांबड्यांचे, अशी ही वर्णव्यवस्था पाठ्यपुस्तकांत पुष्कळ काळ पक्की होती. तिला पहिला तडा १९५३ मध्ये गेला. रॉबर्ट नेल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखविले की, प्रतिपिंडांनी माखलेले जंतू मानवी तांबड्या पेशींस जाऊन चिकटतात, आणि असे चिकटल्यावर भक्षक पेशी त्यांस अधिक त्वरेने गिळतात. पुढे कळले की प्रत्येक तांबड्या पेशीच्या पृष्ठावर यासाठी काही शे आकडे असतात. जंतूंचे आणि प्रतिपिंडांचे गुंते ती त्या आकड्यांस अडकवून यकृताकडे व प्लीहेकडे नेते. तेथील भक्षक पेशी ते गुंते काढून घेतात आणि तांबडी पेशी रिकामी होऊन पुन्हा वाटेस लागते. एकेका पेशीवर आकडे थोडे. परंतु पेशींची संख्या इतकी अफाट की रक्तातील बहुतेक सर्व असले आकडे त्यांच्यापाशीच आहेत.

२०२१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी आणखी एक गोष्ट मांडली. रक्तदोष झालेल्या रोग्यांत तांबड्या पेशी रक्तात तरंगणारे जंतूंचे व फुटलेल्या पेशींचे आनुवंशिक द्रव्य आपल्या अंगावर धरून ठेवतात. थोडे धरले तर ती सफाई होते. अधिक धरले म्हणजे पेशीचा आकार बिघडतो, ‘मला खाऊ नका’ अशी जी खूण तिच्या अंगावर असते ती झाकली जाते आणि प्लीहेतील भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. त्याबरोबर शरीरात धोक्याची घंटा वाजते. ज्या हमालास आपण मुका समजत होतो तो वर्दी देतो आणि देता देता मरतो, असा याचा अर्थ. रक्तदोषाइतके जंतू विषमज्वरात रक्तात नसतात, म्हणून हे सर्व तेथे जसेच्या तसे घडते असे आम्ही म्हणणार नाही.

याहून मोठा व्यवहार लोहाचा आहे, आणि येथे थोडे थांबावयास हवे.

प्रौढ माणसाच्या शरीरात सारे मिळून तीन ते चार ग्रॅम लोखंड असते. त्यापैकी सुमारे दोनतृतीयांश तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये असते. अन्नातून आपण दिवसाकाठी जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम शोषून घेतो. मज्जेला मात्र दररोज वीसपंचवीस मिलिग्रॅम लागते. ही तूट कशी भरून निघते? जुन्या तांबड्या पेशी प्लीहेतील व यकृतातील भक्षक पेशी मोडतात आणि त्यांतील लोखंड परत बाजारात आणतात. मोडीच्या मालावर चाललेला हा कारखाना आहे. आता लक्षात घ्या की जंतूलाही वाढावयास लोखंडच हवे. म्हणून संसर्ग होताच शरीर पहिले काम काय करते, तर लोखंडाची पेठ बंद करते. यकृतात हेप्सिडिन नावाचे एक लहानसे द्रव्य तयार होते. त्याचा शोध २००० व २००१ या वर्षांत लागला, आणि ते भक्षक पेशींच्या व आतड्याच्या पेशींच्या बाहेर लोखंड सोडणाऱ्या दरवाजास कुलूप घालते हे २००४ मध्ये उलगडले. ऑक्सफर्ड येथे स्वखुशीने विषमज्वराचा जंतू प्यालेल्या निरोगी स्वयंसेवकांवर उपचारांच्या कडक बंदोबस्तात प्रयोग झाले. त्यांत ताप येताच हेप्सिडिन झपाट्याने चढले आणि रक्तद्रवातील लोखंड तितक्याच वेगाने उतरले, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आतड्यातही असाच बंदोबस्त आहे. जंतू लोखंड ओढून आणण्यासाठी गळ टाकतात आणि आतड्यातील पेशी त्या गळासच पकडणारे द्रव्य सोडतात. विषमज्वराच्या कुळातील जंतूंनी यावर उपाय म्हणून गळाचा आकारच बदलला आहे. आईच्या पहिल्या दुधात लोखंड बांधून ठेवणारे द्रव्य विपुल असते, तेही याच कारणास्तव.

शत्रूची रसद तोडण्यासाठी गावची पेठ बंद केली तर गावकरीही उपाशी राहतात. मज्जेस लोखंड मिळेनासे होते आणि नव्या पेशी कमी निपजतात. त्यातही विषमज्वराचा जंतू असा धूर्त की, तो त्या बंद पेठेच्या आतच, भक्षक पेशीच्या पोटातच राहतो. जेथे लोखंड साठले तेथे तो बसलेला. मग कुलूप लावून कोणाचे हित झाले? भक्षक पेशीपाशी यावरही तोड आहे. ती चेतली म्हणजे आपल्या पोटातील लोखंड उलट बाहेर ढकलू पाहते. हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. दोन हुकूम एकमेकांविरुद्ध सुटतात आणि कोण जिंकतो ते त्या त्या रोग्यावर अवलंबून राहते. शरीर सर्वज्ञ आहे, त्याच्या प्रत्येक क्रियेत शहाणपण आहे, असे व्याख्यानांत सांगितले जाते. आमचा अनुभव असा की, शरीर पुष्कळदा आपल्या कार्यकारी मंडळासारखे वागते.

आता नातीचा हिशेब मांडू. तांबडी पेशी एकशेवीस दिवस जगते, म्हणून रोज सुमारे एकशेविसावा भाग झडतो व तितकाच नवा येतो. समजा, एकवीस दिवस कारखाना पूर्ण बंद पडला. तर एकवीस भाग गेले, म्हणजे शेकडा साडेसतरा. साडेअकरांतून दोन ग्रॅम उणे. हिमोग्लोबिन साडेनवावर यावयास हवे होते. ते आले आठावर. दीड ग्रॅमचा हिशेब उरतोच. त्यातील काही भाग प्लीहेतील व मज्जेतील भक्षक पेशींनी खाल्ला. तापाच्या जोरात त्या इतक्या खवळतात की म्हाताऱ्या पेशींबरोबर तरुण पेशीही गिळतात, आणि विषमज्वराच्या रोग्याच्या मज्जेत अशा पोटभर जेवलेल्या पेशी आम्ही स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आहेत. काही भाग आतड्यातील पुंजक्यांवरील व्रणांतून डोळ्यांस न दिसेल इतका झिरपला असावा. आणि काही, हे सांगताना संकोच वाटतो, तपासणीसाठी रोज सुईने काढलेल्या रक्तात गेला. नऊ वर्षांच्या मुलीच्या अंगात रक्त ते किती! कोठे सांडलेले दिसत नाही हे तिच्या आईचे म्हणणे खरे होते. जे गेले ते बहुतेक आतल्या आतच गेले.

तिची प्लीहा, जिला जुन्या बायका पाणथरी म्हणतात, दोन बोटे हातास लागत होती. ती का सुजते याचे एक कारण २०१० मध्ये बर्मिंगहॅम येथे उंदरांवर झालेल्या अभ्यासात कळले. याच कुळातील जंतू टोचलेल्या उंदरांची प्लीहा पुष्कळ पटींनी मोठी झाली, आणि कापून पाहता ती जंतूंनी वा पांढऱ्या पेशींनी नव्हे, तर मुख्यतः अपक्व तांबड्या पेशींनी भरलेली निघाली. मज्जा बंद पडली म्हणून पाणथरीने तात्पुरता कारखाना उघडला होता. माणसात हे कितपत घडते ते निराळे. परंतु हे वाचले त्या दिवसापासून सुजलेल्या पाणथरीवर बोटे ठेवताना आमच्या मनात निराळाच भाव येतो.

यावरून एक घरगुती चूक ध्यानात येईल. पोरीचे रक्त उतरले म्हणून घरच्यांनी भर तापात तिला लोहाचे सिरप सुरू केले. प्रेमाने केले, आम्हांस न विचारता केले. परंतु पेठेस कुलूप असताना ते शोषले जाणार कोठून? शोषले न गेलेले लोखंड आतड्यातच राहते आणि तेथील उपद्रवी जंतूंच्या पथ्यावर पडते. केनियातील तान्ह्या मुलांच्या अन्नात लोहयुक्त पूड मिसळली असता त्यांच्या आतड्यांत असे जंतू व दाह वाढला, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. गैरसमज मात्र नको. आपल्या घरांतून किती स्त्रिया पांडुरोगाने फिकट आहेत ते डोळ्यांना दिसते. त्यांनी लोहाच्या गोळ्या अवश्य घ्याव्यात, वैद्याच्या सल्ल्याने घ्याव्यात आणि अंगात ताप नसताना घ्याव्यात. भर तापात नको, एवढेच. खजूर, गूळ, भाजी यांस कोणाची हरकत नाही. नातीचे सिरप थांबविले. ताप गेल्यावर दीड महिन्याने ते पुन्हा दिले आणि मग रक्त भराभर चढले. केस गेले होते तेही आले.

तांबड्या पेशीचे आतड्याशी आणखी एक नाते आहे. लांडश्टायनरने १९०१ मध्ये ए, बी आणि ओ असे रक्तगट दाखविले. पेशीवरील ज्या शर्करांमुळे हे गट पडतात, त्या पुष्कळांच्या आतड्याच्या अस्तरावरही असतात, आणि जंतू व त्यांची विषे त्या शर्करांस ओळखतात. ओ गटाच्या माणसास पटकी झाली तर ती अधिक उग्र होते, हे बंगालच्या मुलखातील अभ्यासांत, विशेषतः १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. उलट, प्रवाशांना व लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या एका जंतूचा उपद्रव ए गटाच्या माणसास जास्त होतो असे २०१८ मध्ये आढळले. कोणता गट श्रेष्ठ, या प्रश्नास म्हणूनच अर्थ नाही. आपल्या मुंबईस या शास्त्रात मोठा मान आहे. १९५२ मध्ये डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा गट शोधून काढला की ज्यात ओ गटातही असणारी मूळ शर्कराच नाही. जगात त्यास ‘बॉम्बे’ गट म्हणतात. आपल्याकडे तो दहा हजारांत एखाद्यास असतो, आणि अशा माणसास केवळ त्याच गटाचे रक्त चालते. दोन्ही आईबापांकडून तो दोष यावा लागतो, म्हणून नात्यात लग्ने करणाऱ्या घरांनी याचा विचार करावा. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, नंदुरबार या भागांत ज्यांच्या घरी सिकलसेलचा विकार आहे त्यांनी तर विवाहापूर्वी रक्त तपासून घ्यावेच. सिकलसेलच्या रोग्याची पाणथरी बालपणीच निकामी होते आणि विषमज्वराच्या कुळातील जंतू त्याच्या हाडांत घर करतात.

अकरांपैकी एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचे नाव येथे घेत नाही. त्यांचे कुटुंबीय सभागृहात आहेत. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या आतड्यातील व्रणातून एकाएकी रक्तस्राव झाला. ओ गटाचे रक्त तातडीने हवे होते. मंडळाच्या सभासदांस दूरध्वनी केले. कोणी गावी, कोणाचा उपास. शेवटी रुग्णालयाबाहेरच्या रिक्षातळावरील तिघांनी रक्त दिले. त्यांची ज्ञाती आम्ही विचारली नाही. त्या गृहस्थांनी आयुष्यभर बाहेरचे पाणी घेतले नव्हते. रक्त घेऊन ते सहा दिवस जगले. मग आतडे फुटले. ज्ञातीचे रक्त म्हणून काही असते असे आम्ही पुष्कळ व्यासपीठांवरून ऐकले, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली ते आम्हांस एकदाही दिसले नाही.

आता भोजनाविषयी. लोक आजारी पडू लागताच आम्ही भोजनसमितीची बैठक घेतली आणि पाणी भरणाऱ्या दोन मुलांवर दोष ठेवून त्यांस कामावरून दूर केले. ती मुले आपल्या ज्ञातीची नव्हती. सोवळ्यातल्या स्वयंपाकात दोष असणे शक्य नाही हे आम्ही गृहीत धरले होते. जंतुशास्त्र शिकलेल्या माणसाने हे गृहीत धरावे, याचे स्पष्टीकरण आमचेपाशी नाही. पुढे आरोग्य खात्याच्या माणसांनी स्वयंपाकघरात वावरलेल्या प्रत्येकाच्या मलाची परीक्षा केली. दोन्ही मुले निर्दोष निघाली. जंतू सापडला तो आपल्या काकूंपाशी.

काकू कोण ते सांगावयास नको. तीस वर्षे त्यांनी मंडळाचे स्वयंपाक एक पैसा न घेता केले. त्यांना बावीस वर्षांपूर्वी मुदतीचा ताप येऊन गेला होता आणि पित्ताशयात खडे होते. विषमज्वर झालेल्या शंभरांत दोन-चार माणसे बरी होऊनही जंतू बाळगून राहतात, त्यांत स्त्रिया अधिक. पित्ताच्या खड्यांवर जंतू शेवाळासारखा थर धरतात आणि तेथून थोडेथोडे आतड्यात उतरत राहतात. अशा माणसाच्या रक्तात जंतूविरुद्ध प्रतिपिंडे भरपूर असतात, म्हणून त्यास स्वतःस काही होत नाही. संरक्षण पक्के असते, पण पित्ताशयापाशी त्याचा हात पोहोचत नाही. न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन या स्वयंपाकिणीची गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. १९०७ मध्ये ती अशी वाहक म्हणून सापडली आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत, मधली काही वर्षे वगळता, तिला एका बेटावर अलग ठेवण्यात आले. आमच्या मते तो अन्याय होता.

त्या दिवशीच्या पानावरील बहुतेक पदार्थ कढत वाढले गेले. बासुंदी मात्र आदल्या रात्री आटवून निवत ठेवली होती आणि पहाटे काकूंनी तीत वेलदोडे व चारोळी आपल्या हाताने घालून ढवळली होती. त्यानंतर तिला अग्नी लागला नाही. बहुधा तेवढेच पुरे झाले.

आम्ही हे सांगावयास गेलो तेव्हा काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भाऊ, सोवळं बाहेरनं नेसतात. पोटातलं मला काय ठाऊक?” त्यांचे पित्ताशय काढण्यात आले, महिनाभर औषध झाले आणि नंतरच्या तीनही परीक्षांत जंतू आढळला नाही. आज येथे त्यांच्याविषयी काही कुजबूज चालते ती आम्हांस ठाऊक आहे. ज्यांस कुजबुजावयाचे असेल त्यांनी आमचेविषयी कुजबुजावे. हात धुण्यास साबण व वाहते पाणी ठेवणे हे भोजनसमितीचे काम होते आणि तेथे एक तांब्या व राखेचे खापर होते. दोन मुलांपैकी एकाच्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली. दुसरा गाव सोडून गेला होता.

लशीविषयी दोन शब्द बोलून संपवितो. जंतूच्या अंगाभोवती शर्करेचे एक कवच असते. नुसत्या कवचाची जुनी लस लहान मुलांस लागू पडत नसे, कारण त्यांच्या पेशी नुसत्या शर्करेस फारशा जुमानत नाहीत. तेच कवच धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनास जोडले की त्या सावध होतात आणि स्मरणही ठेवतात. अशी लस हैदराबादेस तयार झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तिची शिफारस केली आणि त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांस ती टोचली. सार्वजनिक पातळीवरील अशी ती जगातील पहिली मोहीम. एकच टोचणी असते. तिने सारेच वाचतात असे नाही, परंतु बहुतेक वाचतात. आणि ती टोचली म्हणून हात धुणे सुटत नाही.

कार्यकारी मंडळाने यंदा तीन गोष्टी मान्य केल्या आहेत. स्वयंपाकास बसणाऱ्या प्रत्येकाची, मग तो कोणीही असो, समारंभापूर्वी तपासणी होईल. निवलेला कोणताही पदार्थ हाताने मिसळला जाणार नाही. आणि सभासदांच्या रक्तगटांची वही ठेवली जाईल, ती मंडळाबाहेरील कोणाही गरजू माणसास उपयोगी पडावी अशी. शेवटच्या मुद्द्यावर दोन सभासदांनी विरोध नोंदविला, तो नोंदवहीत आहे.

दारापाशी उजव्या हातास मेज मांडले आहे. आमची नात आता बरीच मोठी झाली आहे. ती आणि तिची आई तेथे बसल्या आहेत. मुलांची नावे लशीसाठी आणि मोठ्यांची रक्तगटासाठी त्या लिहून घेतील. भोजनास अद्याप पाऊण तास अवकाश आहे.